‘बसा की ओ!’ म्हणणाऱ्यांना

आमच्या सीमाभागात जिव्हाळ्याचा एक शब्द आहे, ‘बसा की ओ!’ पाहुणा दारात आला की घरातून पहिली हाक हीच. लाल गाडीत अनोळखी म्हातारा चढला की कॉलेजचे पोरगे अंग चोरून जागा करते आणि म्हणते हेच. शेजारचे कानडी बिऱ्हाड ‘बर्री, कुंदर्री’ म्हणते, त्यातही भाव तोच. या शब्दावर मी वाढलो. परंतु गेली नऊ वर्षे हाच शब्द माझ्या मुळावर आला आहे, आणि त्याच्याविरुद्ध फिर्याद मांडण्यासाठी संपादकांकडून मी ही चार पाने मागून घेतली आहेत. दिवाळीच्या अंकात आजारपणाचे रडगाणे कशाला, असे कुणाला वाटेल. त्यांनी खुशाल पुढची कथा वाचावी. मात्र ज्यांच्या सोप्यात खुर्चीवर एखादा हात थरथरणारा माणूस बसवून ठेवलेला आहे, त्यांनी पान उलटू नये.

मला कंपवात आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. निपाणीच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षे मी ड्रिल मास्तर होतो. लेझीम, कवायत, लंगडी, खो-खो, पंधरा ऑगस्टचे संचलन, हे माझे राज्य. निदान झाले त्या आठवड्यात घरच्यांनी माझ्या हातातली पाण्याची कळशी काढून घेतली. मग बाजारची पिशवी गेली, मग सायकल, मग माडीचा जिना. “उठू नका, काय पायजे ते सांगा की, आणून देतो.” देणारे हात प्रेमाचेच होते. पण मी हिशेब मांडून पाहिला. पूर्वी दिवसाकाठी सहज हजारो पावले पडत होती, ती आता न्हाणीघरापर्यंतच्या शे-दोनशेवर आली होती. रोगाने माझे जेवढे नेले नव्हते तेवढे सेवेने नेले होते. दुसऱ्याच महिन्यात मी घरात बंड केले, आणि ते बंड अजून चालू आहे.

सगळ्यांना बंड साधत नाही. माझा एक वर्गमित्र, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. मला आणि त्याला हा रोग साधारण एकाच सुमारास लागला. त्याची दोन्ही मुले श्रावणबाळ! मोठ्याने कोल्हापूरहून आरामखुर्ची आणली, धाकट्याने समोर टी.व्ही. लावला, सुना हातात ताट देत. गावात कौतुक झाले, की मुले असावीत तर अशी. पहिल्या वर्षी तो खुर्चीतून स्वतः उठत होता. दुसऱ्या वर्षी एकाने ओढावे लागे. तिसऱ्या वर्षी दोघांनी. पुढे खुर्ची गेली आणि खाट आली. खाटेवर घास गिळताना ठसका लागू लागला, छातीत कफ साचला, आणि न्यूमोनियाने तो गेला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले आहे. ते खरेच आहे. पण त्या खुर्चीचे नाव दाखल्यावर लिहायला रकाना नसतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. कंपवाताच्या रोग्याला बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. व्यायाम हे या रोगातले औषध आहे. ‘जमले तर करा’ अशा थाटात चिठ्ठीच्या तळाशी लिहायचे पथ्य नाही. औषधाला जशी मात्रा असते, वेळ असते, धोके असतात, तशी व्यायामालाही आहेत. गोळी चुकली तर घर गडबडून जाते, आणि व्यायाम आठ दिवस चुकला तर कुणाला पत्ता नसतो. माझे भांडण या अर्धवटपणाशी आहे.

हा रोग प्रथम नीट लिहून ठेवला तो जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या एका वैद्याने, 1817 साली. (इकडे त्याच साली खडकीची लढाई झाली आणि पेशवाई डगमगली.) त्याने वर्णिलेल्या सहा रोग्यांपैकी तिघे त्याला रस्त्यात दिसलेले होते. चालणारी माणसे पाहून त्याने रोग ओळखला, हे मला फार बोलके वाटते. हा गृहस्थ मोठा चळवळ्याही होता. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने सरकारविरुद्ध पत्रके काढी, आणि 1794 साली राजाविरुद्धच्या एका कथित कटाच्या चौकशीत त्याला जबानी द्यावी लागली. सीमाभागातल्या वाचकाला असा माणूस परका वाटू नये. त्याचा जन्मदिवस 11 एप्रिल, तो आज जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात.

या रोगात ताकद आधी जात नाही. आधी जाते ते आपोआपपण. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, तिथे डोपामीन नावाचे द्रव्य तयार होते. त्या पेशी हळूहळू मरतात, आणि हाताला कंप दिसू लागतो तोवर त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. निरोगी माणूस चालताना पाऊल किती लांब टाकायचे, हात कसा हलवायचा, याचा विचार करीत नाही. ते खाते मेंदूतला एक जुना कारकून सांभाळतो. आमचा तो कारकून रजेवर गेलेला असतो. म्हणून पाऊल आखूड पडते, हात अंगाला चिकटतो, अक्षर मुंगीएवढे होते, चेहरा कोरा दिसतो. पण साहेब अजून कचेरीत आहे! मन लावून, मोजून, ठरवून केलेली हालचाल मेंदूत दुसऱ्या वाटेने जाते, आणि ती वाट बरीच शाबूत असते. जमिनीवर आडव्या रेघा मारल्या, कानावर ठेका पडला, कुणी ‘एक-दोन’ मोजले, की दारात खिळलेला माणूस पाऊल उचलतो. नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या डॉक्टरांनी 2010 साली एका रोग्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड चालवत नव्हते, पण सायकलवर बसवल्यावर तो सफाईने चालवीत निघून गेला. डॉक्टर मंडळींनी तोंडात बोटे घातली. मला त्यात एवढेच दिसले, की पाय मेलेले नसतात. त्यांना हुकूम पोचत नसतो.

आता कुणी म्हणेल, ड्रिल मास्तराला सगळीकडे ड्रिलच दिसणार. म्हणून पुरावा देतो. 2018 साली अमेरिकेत 128 नव्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना अजून गोळ्या सुरू झालेल्या नव्हत्या. एका गटाला ट्रेडमिलवर चांगले दमेपर्यंत, म्हणजे नाडीच्या कमाल वेगाच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत चालवले, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला नेहमीप्रमाणे राहू दिले. सहा महिन्यांनी तिसऱ्या गटाची हालचाल मोजमापात खालावली होती, पहिल्या गटाची जवळपास होती तिथेच होती. पुढच्या वर्षी नायमेगनच्याच लोकांनी 130 रोग्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना घरातल्या घरात व्यायामाची सायकल, निम्म्यांना नुसते अंग ताणायचे व्यायाम. सायकलवाले सरस ठरले. त्याआधी, 2012 साली, 195 रोग्यांना चोवीस आठवडे चिनी ‘ताई ची’ शिकवून पाहिले, तेव्हा तोल सुधारला आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा पडण्याचे प्रसंग कमी झाले. सहा महिन्यांच्या प्रयोगांवरून ‘रोग थांबला’ असे म्हणणारा थापा मारतो. रोग थांबत नाही, बरा होत नाही. पण माणूस किती काळ स्वतःच्या पायावर राहील, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे, एवढे मानायला हा पुरावा पुरेसा आहे. अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशनची शिफारस आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायामाची आहे. त्यात दमश्वासाचा, ताकदीचा, तोलाचा आणि ताणाचा, चारही प्रकार हवेत. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी गप्पा मारत एक फेरी आणि मग चहा, एवढ्याने हे भरत नाही. (फेरी वाईट असे नव्हे. चहाही वाईट नव्हे.)

“आणि पडले तर?” हा घरच्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त आहे. कंपवाताचा माणूस पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले तर पुढे फार हाल होतात. पण खुर्चीत बसवल्याने पडणे टळत नाही, पुढे ढकलले जाते. मांड्या वाळतात, तोल बिघडतो, आणि रात्री दोन वाजता लघवीला उठलेला माणूस, कुणी पाहत नसताना, खाटेपासून तीन पावलांवर पडतो. दिवसा सर्वांसमोर नीट शिकून केलेली हालचाल अधिक सुरक्षित. नीट म्हणजे कशी, ते सविस्तर सांगतो, कारण मोघम सल्ल्याने आमचे फार नुकसान केले आहे.

सुरुवातीला डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी आणि रक्तदाब दोनदा मोजून घ्यावा, एकदा झोपून आणि एकदा उभे राहून. या रोगात, आणि त्याच्या औषधांनीही, उभे राहताच रक्तदाब घसरतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणारे पुष्कळ. म्हणून खाटेवरून उठताना आधी काठावर मिनिटभर बसावे, घोटे वरखाली हलवावेत, मग उभे राहावे, आणि उभे राहिल्यावर लगेच चालू नये. व्यायामाची वेळ गोळीवर ठरते. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासाने, तासाने अंग मोकळे होते. व्यायाम तेव्हा करावा. गोळीचा अंमल उतरलेला असताना तोलाचे व्यायाम करणे म्हणजे संकटाला बोलावणे पाठवणे. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिने तिची वाट अडवतात. दिवाळीत बेसनाचा लाडू आणि गोळी एकाच घोटाबरोबर पोटात ढकलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

खुर्चीतून उठणे हाच पहिला व्यायाम. हात असलेली, न हलणारी खुर्ची घ्यावी. बूड पुढे सरकवावे, पाऊल गुडघ्याच्या थोडे मागे घ्यावे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकावे, मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि उठावे. बसताना धपकन पडू नये, मोजत बसावे. हे दहादा केले की मांड्या तापतात. घरच्यांनी दंडाला धरून ओढू नये! तुम्ही ओढता, आमचे अंग मागे रेटते, आणि दोघांच्या कमरा जातात.

चालताना एकच मंत्र: मोठे. पाऊल मोठे, हात मोठे, टाच आधी. आम्हाला जे अवाजवी मोठे वाटते ते बघणाऱ्याला बेताचे दिसते, इतके आमचे आतले माप आखडलेले असते. वळताना टाचेवर गर्रकन फिरू नये. स्टँडमध्ये गाडी कशी मोठा वळसा घेऊन लागते, तसे पाच-सहा पावलांत वळावे. हातात चहाची कपबशी घेऊन, बोलत बोलत, उंबरा ओलांडू नये. एका वेळी एकच काम. पाय खिळला तर थांबावे, ताठ उभे राहावे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा, मोजावे, आणि समोर काल्पनिक काठी पडली आहे असे समजून ती ओलांडावी. मागून ढकलणाऱ्याला घराबाहेर काढावे. आमच्या घरी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. सुनेला ती रांगोळीच्या जागी खुपते, पण आता रांगोळीच आडव्या रेघांची काढते. तोलाचा सराव भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर जड खुर्ची ठेवून करावा, म्हणजे कुठेही झुकले तरी आधार आहे. पायात सुटी चप्पल नको, मागून बंद असलेला बूट हवा.

किती दमायचे? बोलता यावे पण गाता येऊ नये, इथवर मध्यम. दोन-चार शब्दांपुढे बोलवले नाही की जोरकस. नाडी मोजून भागत नाही, कारण या रोगात काहींची नाडी हवी तशी वाढत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तिला बांधून ठेवतात. छातीत दुखले, गरगरले, नेहमीपेक्षा निराळा दम लागला, तर तिथेच थांबावे. ताकदीचे व्यायाम आठवड्यात दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. योगासने चांगली, पण शिबिरात शीर्षासन घालून ‘गोळ्या फेकून द्या’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो आणि दार लावून घेतो. खाजकुइलीच्या बीत लेव्होडोपा निसर्गतःच असते हे खरे, म्हणून गोळीवर तिचे चूर्ण आपल्या मनाने घेणे हे दुप्पट मात्रा घेणे झाले. आणि विडी ओढणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, हेही शास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. निपाणीत ते सांगितल्यावर एका वखारवाल्याने मला पेढा दिला. त्याला म्हटले, विडीने हा रोग टाळायचा म्हणजे ढेकणासाठी घर जाळायचे.

विडीवरून आठवले, ते बायकांचे. आमच्या पेठेत विड्या वळणाऱ्या घरोघर आहेत. मजुरी हजारावर. अशा एका बाईच्या बोटांची चाल मंदावली, हजाराच्या विड्या आठशेवर आल्या, पुढे पाचशेवर. मुकादमाला वाटले कामचुकारपणा, घरच्यांना वाटले वय. कंप नव्हता, म्हणून कुणाला संशय आला नाही; कंप न येताही हा रोग येतो. निदान व्हायला वर्षे गेली. आणि निदान झाल्यावर घरातून काय ऐकू आले? “दिवसभर घरकाम करतीया, तिला आणि कसला व्यायाम?” मांडी घालून, पाठ वाकवून, सूप पुढ्यात घेऊन दहा तास बसणे हा व्यायाम नव्हे, तो व्यायामाचा शत्रू आहे. पुरुषाच्या बाबतीत सेवा आड येते, बाईच्या बाबतीत सेवाही नाही आणि व्यायामही नाही. तिने सकाळी अर्धा तास दार लोटून हातपाय पसरले तर सासर काय म्हणेल, या धाकाने ती आखडत जाते. 1981 साली तंबाखूच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता, विडी कामगार बायका मजुरीसाठी रस्त्यावर आल्या होत्या. त्याच गावात एका बाईला अर्ध्या तासासाठी दाराबाहेर उभे राहता येऊ नये?

आता भाषेकडे येतो. सीमाभागातला लेख आणि भाषा नाही असे होत नाही. एका मोठ्या इस्पितळात, नाव घेत नाही, मला व्यायामाचा कागद मिळाला. बारा चित्रे, खाली बारीक इंग्रजी. शिकवणारी मुलगी भली होती, कानडी होती, माझ्याशी जमेल तसे मराठी बोलली. पण तो कागद ना तिच्या भाषेत, ना माझ्या. इथे दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली, यावर डोकी फुटतात. 1956 पासून आम्ही भांडतो आहोत, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. तो लढा मी सोडलेला नाही आणि सोडा म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांच्या हातात तिसऱ्याच भाषेतला कागद येतो, यावर एकाही बाजूने पत्रक काढलेले मी पाहिले नाही. 2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कार्ड कुठल्या राज्याचे, हा वाद मोठा. मात्र रोज सकाळी हाताशी उभे राहून ‘मोठे पाऊल, मोठे पाऊल’ म्हणणारे माणूस मला या बाजूनेही मिळाले नाही आणि त्या बाजूनेही नाही.

आणि गंमत पाहा, या रोगाला जे हवे ते आपल्याकडे ढिगाने पडले आहे. पुण्यात ऋषीकेश पवार या नर्तकाने पार्किन्सनच्या रोग्यांना नाचायला शिकवले, तेव्हा मोठ्या शहराला नवल वाटले. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रोगी आणि घरचे एकत्र जमतात, सहलींना जातात. मुंबईत 2001 पासून अशी सोसायटी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही त्याच वर्षी नर्तकांनी असे वर्ग सुरू केले. ठेका आणि मोठी हालचाल, सूत्र एवढेच. मग आमची लेझीम काय आहे? ‘चार आवाज’ म्हटले की चार ठोके आणि ठोक्यावर पाऊल. भजनी मंडळाची पावली काय आहे? टाळाच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे, एक मागे, भार या पायावरून त्या पायावर. डॉक्टर ज्याला बाहेरची खूण म्हणतात, ती इथल्या प्रत्येक देवळात टांगलेली आहे. अर्थात लोखंडी कडीची जड लेझीम नको, वाकण्याचे हात नकोत, उड्या तर मुळीच नकोत. हलकी लाकडी लेझीम, नाहीतर नुसत्या टाळ्या. ठेका आपल्या चालीच्या बेताचा. पावली खेळताना मागे सरकायचे पाऊल भिंतीच्या दांडीला धरूनच, कारण आमच्यातले बरेच जण मागे कोलमडतात.

आवाजाचेही तेच. आमचा आवाज तळाशी जातो आणि आम्हाला वाटते, घरचेच बहिरे झाले. त्यावर उपाय म्हणजे रोज ठरवून मोठ्याने बोलणे. पाश्चात्त्य देशांत त्याची रीतसर शिकवणी असते. मी पैसे न भरता ती घेतो. गच्चीवर उभा राहून ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ असे दहा वेळा, पोटातून, एका श्वासात. पहिल्या दिवशी गल्लीत मोर्चा आला म्हणून पोरे बाहेर आली. आता समोरच्या घरातला कानडी गृहस्थ, त्यालाही हाच रोग आहे, आपल्या गच्चीवरून तितक्याच जोराने ‘जय कर्नाटक माते’ म्हणतो. दोघांचेही आवाज सुधारले आहेत.

तेव्हा माझी मागणी सरकारकडे कमी आणि आपल्याकडे जास्त आहे. बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे, गल्लोगल्ली तालमी आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, भजनी मंडळांच्या जागा आहेत. निपाणी, खानापूर, चिकोडीलाही काही ना काही आहेच. या सगळ्या वास्तू सकाळी सात ते नऊ कुलूपबंद असतात. विसर्जनाच्या मिरवणुकीला शेकडो पोरे ढोल घेऊन जमतात. त्यांतला एक ढोलवाला आणि दोन धट्टीकट्टी पोरे आठवड्यातून तीन सकाळी एक तास द्यायला काढा. प्रत्येक रोग्यामागे, निदान पहिले काही महिने, एक सावध माणूस हवा. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टला बोलवा, कुणाला काय झेपते ते ठरवून घ्या. सगळ्यांना एकच माप लावू नका. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठी आणि कानडी दोन्हींत कागद लावा. वर कोण, खाली कोण, यावर भांडायचे असेल तर शेजारी शेजारी लावा.

वेळ नाही म्हणणाऱ्या मुलांना एक हिशेब देतो. आज वडिलांबरोबर आठवड्याला अडीच तास. उद्या त्यांना उचलायला, फिरवायला, न्हाऊ घालायला, भरवायला रोजचे किती तास लागतील, ते ज्यांच्या घरी खाट आहे त्यांना विचारून या. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. गाडी करून मेंदूच्या डॉक्टरकडे नेण्यात तुम्ही कसूर करत नाही हे मी जाणतो. त्या प्रवासाइतकेच गांभीर्य अंगणातल्या चाळीस पावलांना द्या, एवढेच म्हणतो.

आमच्या गल्लीत सध्या आम्ही सहा जण जमतो, चार मराठी, दोन कानडी. दोघी बायका आहेत, त्यांतली एक विडीवाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मोजणी एक दिवस ‘एक, दोन, तीन’, एक दिवस ‘ओंदु, एरडु, मूरु’. पायांनी अजून तक्रार केलेली नाही. कार्तिकात थंडीने अंग जास्त आखडते, म्हणून दिवाळीनंतर वेळ सातऐवजी साडेसातची केली आहे. येणाऱ्याने गोळी घेऊन यावे, बूट घालून यावे, घरातले एक माणूस बरोबर आणावे. खुर्च्या आठ आहेत. त्यांतली खिडकीजवळची लाकडी डुगडुगते, तिला हात टेकू नये.